महापिचकारी : वर्गणीतून घडलेला इंजिनाचा संगणक

१/ मोटारीच्या मालकाला बॉनेट उघडता येते, प्लग बदलता येतो, ऑइल ओतता येते. इंजिनाला कोणत्या क्षणी किती पेट्रोल द्यायचे, हे ठरवणारा संगणक मात्र त्याच्यासाठी बंद पेटीच असतो. २००१ साली अमेरिकेतील हौशी मोटारप्रेमींनी या पेटीला पर्याय उभा केला. त्यामागे ना मोठी कंपनी होती, ना सरकारी अनुदान. होती ती सामूहिक खरेदी. त्या खरेदीचा हा इतिहास.

२/ प्रथम पार्श्वभूमी. कार्ब्युरेटरच्या काळात इंधनाचे प्रमाण जेट, सुई आणि स्क्रू यांवर ठरे. जाणता मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून ते साधत असे. १९६७ साली बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी फोक्सवॅगन १६०० या मोटारीत आली आणि स्क्रूचे काम विद्युत मंडलाकडे जाऊ लागले.

३/ खरी गती दिली ती प्रदूषणाने. अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवा कायदा कठोर झाला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. पुढे आलेला त्रिमार्गी कन्व्हर्टर नीट चालण्यासाठी एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे वजनी प्रमाण सतत राखावे लागते. स्क्रूने ते साधणे अशक्य होते. १९८१ पर्यंत जनरल मोटर्सने आपल्या बहुतेक अमेरिकी मोटारींत संगणक बसवला.

४/ शहरांची हवा सुधारली, हा या बदलाचा निर्विवाद लाभ. त्याची दुसरी बाजू अशी, की मिस्त्रीच्या कानात आणि बोटांत असलेले ज्ञान कारखान्याच्या चिपमध्ये जाऊन बसले. इंजिनात मोठा कॅमशाफ्ट किंवा टर्बो बसवणाऱ्या हौशी माणसाला ती चिप दाद देईना. काहींनी चिपा काढून, त्यांतील आकडे उलगडून, नव्याने भरण्याचा उद्योग केला. पण तो अंधारात चाचपडण्याचा प्रकार होता.

५/ हे आकडे म्हणजे नेमके काय? चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते, तेव्हा सेकंदाला १०० वेळा कोणता ना कोणता सिलिंडर हवा ओढतो. त्या हवेचे वजन मॅनिफोल्डमधील दाब, तापमान आणि इंजिनाचा वेग यांवरून काढता येते. मात्र प्रत्येक इंजिनाची ‘श्वास घेण्याची’ क्षमता वेगळी असते. ती एका कोष्टकात मांडावी लागते. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, हे त्यावरून ठरते. कोष्टक बदलता आले, तर इंजिन जुळवता येते.

६/ असे कोष्टक मालकाच्या हाती देणारे संगणक बाजारात होते. ऑस्ट्रेलियातील हॅलटेकसारख्या कंपन्या १९८० च्या दशकापासून ते बनवत होत्या. पण ते शर्यतीच्या जगासाठी होते आणि किमतीही तशाच होत्या. जुनी मोटार अंगणात दुरुस्त करणाऱ्याला संगणकापेक्षा मोटारच स्वस्त पडे.

७/ ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी आधी ‘ईएफआय ३३२’ या प्रकल्पात हात घातला होता. मोटोरोलाच्या ६८३३२ या ३२ बिटांच्या प्रोसेसरवर तो आधारलेला होता. सामर्थ्य मोठे, पण गुंतागुंतही तेवढीच. सामान्य हौशी माणसाला तो पेलणारा नव्हता. यातून मिळालेला धडा साधा होता : चालू न होणाऱ्या उत्तम यंत्रापेक्षा चालू होणारे साधे यंत्र बरे.

८/ २००१ साली त्यांनी ‘मेगास्क्वर्ट’ आणले. नावाचा सरळ अर्थ महापिचकारी! आठ बिटांचा स्वस्त मोटोरोला प्रोसेसर, ३२ किलोबाइट स्मृती, आणि आठ गुणिले आठ, म्हणजे केवळ ६४ घरांचे कोष्टक. प्रज्वलनाची जबाबदारीही त्याने घेतली नाही. ठिणगीचे काम मोटारीच्या मूळ यंत्रणेकडेच ठेवले. लॅपटॉप जोडायचा, आकडा बदलायचा आणि इंजिनाचा प्रतिसाद तिथल्या तिथे पाहायचा.

९/ आता प्रश्न पैशाचा. सर्किट बोर्ड छापून घेताना आराखड्याची, साच्याची आणि यंत्र लावण्याची मजुरी एका बोर्डालाही तेवढीच पडते आणि शंभरांनाही जवळजवळ तेवढीच. सेन्सर आणि प्रोसेसरचे भावही संख्येनुसार उतरतात. एकट्याने घेतले तर महाग, सर्वांनी मिळून घेतले तर आवाक्यात. म्हणून यादी झाली, मागण्या एकत्र झाल्या आणि बोर्डांची एकगठ्ठा खरेदी झाली.

१०/ आपल्याकडे भिशी किंवा सहकारी भांडार चालवलेल्या कोणालाही अशा व्यवहाराची नाजूक बाजू ठाऊक असते. पैसे आधी द्यायचे, वस्तू नंतर मिळणार. नाव नोंदवून ऐनवेळी माघार घेणारे वाढले, तर उरलेल्यांचा भाव चढतो. आराखड्यात एक चूक राहिली, तर ती प्रत्येकाच्या बोर्डात उतरते. नफ्याची हमी नसताना हिशेब आणि पाकिटे सांभाळणारा माणूस हाच या व्यवहाराचा खरा आधार. सामूहिक खरेदीत पैशांआधी विश्वास गोळा करावा लागतो.

११/ स्वस्ताई हा या खरेदीचा लहान लाभ होता. मोठा लाभ असा, की अनेकांच्या हाती एकच बोर्ड आला. सुटे भाग आपल्या हाताने सोल्डर करून बोर्ड जोडायचा. सेन्सरांचे खोटे संकेत देणारे एक छोटे चाचणी मंडल होते. त्याच्या साहाय्याने इंजिनाविना टेबलावरच सारे तपासता येई. एकाला आलेली अडचण दुसऱ्याने आधीच सोडवलेली असे आणि एकाचे कोष्टक दुसऱ्याला आरंभबिंदू म्हणून उपयोगी पडे. बोर्ड समान झाला, तेव्हा अनुभवही देण्याघेण्याजोगा झाला.

१२/ प्रणाली सर्वांना वाचता येत होती. एरिक फाहल्ग्रेन यांनी कोष्टक जुळवण्यासाठी ‘मेगाट्यून’ लिहिले. इतरांनी मूळ प्रणालीत प्रज्वलनाचे नियंत्रण जोडले. तरी हे स्वातंत्र्य अमर्याद नव्हते. ही प्रणाली मेगास्क्वर्टच्याच बोर्डावर वापरावी, अशी निर्मात्यांची अट होती. संपूर्ण मुक्त परवान्याचे ‘स्पीडुइनो’ आणि ‘रुसईएफआय’ हे प्रकल्प पुढच्या पिढीत आले.

१३/ कायद्याचा पेचही होताच. प्रदूषण रोखणारी यंत्रणा निकामी करणे अमेरिकेत बेकायदेशीर आहे, आणि ते योग्यही आहे. मनाजोगते कोष्टक भरण्याची मुभा म्हणजे धूर सोडण्याचीही मुभा, ही भीती निराधार नव्हती. २०१५ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने याच कारणाने, मोटारीची प्रणाली मालकांना उघडू देण्यास विरोध नोंदवला.

१४/ दोनच महिन्यांत इतिहासाने वेगळे वळण घेतले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी त्याच संस्थेने फोक्सवॅगनवर नोटीस बजावली. डिझेल मोटारींची प्रणाली चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत होती. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मोटारी यात सापडल्या. भारतात पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेच्या तपासणीनंतर ३ लाखांहून अधिक मोटारी परत बोलावण्याची घोषणा झाली. सर्वांत मोठी लबाडी निघाली ती बंद पेटीतून. हौशी माणसाच्या लॅपटॉपमधून नव्हे.

१५/ त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने कॉपीराइट कायद्याला अपवाद जाहीर केला : तपासणी, दुरुस्ती आणि कायदेशीर फेरबदल यांसाठी मालकाला आपल्या मोटारीची प्रणाली उघडता येईल. प्रदूषणाचे नियम मात्र जसेच्या तसे राहिले. म्हणजे जाणून घेण्याचा हक्क मिळाला, हवा बिघडवण्याचा नव्हे.

१६/ २००१ च्या त्या खरेदीकडे पाहायचे ते याच दृष्टीने. ६४ घरांच्या कोष्टकाने मोटार उद्योग हादरला नाही. पण इंजिनाचा संगणक हा सामान्य माणसाला समजू शकतो, जोडता येतो आणि दुरुस्त करता येतो, हे त्याने सिद्ध केले. एकट्याच्या खिशाला न परवडणारे ज्ञान अनेकांच्या वर्गणीत बसले.