परळहून निघालेले निबंध

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईच्या रुग्णांवर पडताळले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. तीन वर्षांनी डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्याच रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. तो गट पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. या दोन्ही कामांचे नाते परळच्या केईएम रुग्णालयाशी आणि त्याच आवारातल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाशी आहे. रुग्ण मुंबईचे, मेहनत मुंबईची, पण शोध जगाला कळला तो लंडनमार्गे.

१९२६ साली हे महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा अध्यापक भारतीयच असावेत अशी अट देणगीदारांनी घातली होती. त्याच बाण्याला साजेसे पाऊल तिथल्या अध्यापकांनी १९५५ मध्ये उचलले. त्यांच्या स्टाफ सोसायटीने ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे त्रैमासिक सुरू केले. दिवसभर वॉर्ड आणि ओपीडी सांभाळणाऱ्या डॉक्टरांनी उरलेल्या वेळात निबंध तपासायचे, समीक्षकांना पाठवायचे, मुद्रिते वाचायची, अशी ही व्यवस्था अनेक पिढ्यांनी चालवली.

अंक निघत होता. वाचक मात्र मोजके होते. निबंधाचा पत्ता आंतरराष्ट्रीय सूचीत लागायचा, पण प्रत्यक्ष अंक किती ग्रंथालयांत असणार? ज्याला तो हवा असेल त्याने लेखकाला पोस्टकार्ड धाडायचे आणि पुनर्मुद्रित प्रतीची वाट पाहायची. हिवताप, क्षय, सर्पदंश यांवरचे भारतीय डॉक्टरांचे अनुभव अशाने कपाटात पडून राहत. १९९५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ने तिसऱ्या जगातल्या या हरवलेल्या विज्ञानावर मोठा लेख छापला. दुखणे परळचे एकट्याचे नव्हते.

१९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘पबमेड’ सर्वांसाठी फुकट केले, आणि पुढची वाट दिसू लागली. निबंधाचे शीर्षक आणि गोषवारा आता जगात कुणालाही घरबसल्या सापडणार होता. मग पूर्ण मजकूर का नको? मुंबईतले बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांनी हा प्रश्न मनावर घेतला. त्यांच्या ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने परळच्या जर्नलचा मजकूर इंटरनेटवर आणला आणि २००१ च्या सुमारास तो सर्वांना विनामूल्य वाचता येऊ लागला. ‘ओपन ॲक्सेस’ची व्याख्या करणारा बुडापेस्टचा जाहीरनामा त्यानंतर, फेब्रुवारी २००२ मध्ये आला.

परदेशातले बडे प्रकाशक याच काळात खुलेपणाला बिचकत होते. त्यांची कमाई ग्रंथालयांच्या वर्गणीवर होती. परळला गमावण्यासारखे फारसे नव्हते आणि वाचक मिळवायचे होते. लेखकांकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि वाचकांकडूनही नाहीत. छापील अंकाची वर्गणी आणि जाहिराती यांवर भागवायचे, असा मेडनोचा मार्ग होता. फुकट मिळते म्हटल्यावर छापील अंक कोण घेणार, ही शंका रास्तच होती. पण साहूंचा अनुभव उलटा निघाला. नियतकालिक लोकांच्या नजरेला पडू लागले तसे निबंधही जास्त आले आणि वर्गणीदारही वाढले.

संदर्भांचे काय झाले, हे साहू आणि महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांनी तपासले आणि २००५ मध्ये शिकागोच्या समीक्षाविषयक परिषदेत मांडले. दारे उघडल्यानंतर जर्नलमधल्या निबंधांचा उल्लेख इतर संशोधकांकडून वाढला होता. आधीच्या दशकातल्या, कुणी न विचारलेल्या निबंधांनाही उशिरा का होईना, वाचक भेटले होते. या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे फळ म्हटले पाहिजे.

देशातली अनेक वैद्यकीय नियतकालिके मग मेडनोकडे आली. २०११ मध्ये ‘वोल्टर्स क्लुवर’ या बड्या परदेशी समूहाने ही संस्था विकत घेतली. दरम्यान लेखकाकडून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचे पीक भारतात फोफावले. ‘सायन्स’ने २०१३ मध्ये एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवून पाहिला; १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. त्यांत भारतातले प्रकाशक भरपूर होते, आणि खुद्द मेडनोचेही एक नियतकालिक होते. खुलेपणाला समीक्षकाच्या कष्टांची जोड नसली तर काय होते, ते यातून उघडे पडले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. लाभ सरकारी शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना आहे. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर या योजनेत येत नाही. त्याच्यासाठी परळने पाव शतकापूर्वी निवडलेली वाटच आजही उपयोगाची आहे.