यझिलीकायाचे देव

तुर्कस्तानांत, अंकारा शहराच्या पूर्वेस, बोआझकाले नांवाचें एक लहानसें गांव आहे. गांवालगत हत्तुशा या हिटाइट राजधानीचे अवशेष पसरले असून, तेथून सुमारें दोन किलोमीटर अंतरावर चुनखडीच्या खडकांचा एक समूह उभा आहे. तुर्की लोक त्यास यझिलीकाया, म्हणजे 'लेखांकित खडक', असें म्हणतात. हिटाइटांचें हें सर्वांत मोठें ज्ञात शैलमंदिर होय. वेरूळप्रमाणें येथें डोंगर पोखरलेला नाहीं. खडकांमधील नैसर्गिक घळी हेच येथील गाभारे, आणि आकाश हेंच त्यांचें छत.

मोठ्या दालनांत शिरतांच डाव्या भिंतीवर टोकदार टोप्या घातलेल्या देवांची, व उजव्या भिंतीवर पायघोळ वस्त्रें नेसलेल्या देवींची मिरवणूक दिसते. एकंदर आकृति साठांहून अधिक आहेत. समोरच्या भिंतीवर दोन्हीं मिरवणुकींची गांठ पडते. तेथें मुख्य देव दोन पर्वतदेवांच्या वाकलेल्या मानांवर उभा आहे, आणि त्याच्यासमोर एका श्वापदाच्या पाठीवर त्याची पत्नी उभी आहे.

इ. स. १८३४ सालीं शार्ल तेक्सिए हा फ्रेंच प्रवासी येथें आला. त्याचें शिक्षण ग्रीक ग्रंथांवर झालेलें. त्यामुळें या स्त्रीपुरुषांत त्याला ग्रीक कथांतील युद्धप्रिय अमेझॉन स्त्रिया व शेजारच्या पॅफ्लागोनियाचे लोक दिसले. हिटाइटांचा इतिहास तेव्हां कोणासच ठाऊक नव्हता. पुढें १९०६ सालीं हुगो विंक्लर व थिओडोर माक्रिदी यांनीं हत्तुशा येथें उत्खनन आरंभिलें आणि लेख कोरलेल्या हजारों मृत्पट्टिका बाहेर आल्या. १९१५ सालीं बेद्रिख ह्रोझ्नी या चेक पंडितानें हिटाइट भाषा ही संस्कृत व ग्रीक यांच्याच कुळांतील असल्याचें दाखविलें. तिच्यांत पाण्याला 'वतर' म्हणत. आपल्या 'उदक' शब्दाचें मूळ तेंच.

याच मृत्पट्टिकांत भारतीयांचें कुतूहल जागें करणारा एक तह सांपडला. इ. स. पूर्व १४ व्या शतकांत हिटाइट व मितान्नी राजांमध्यें झालेल्या या तहास इतर अनेक देवांसह मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांना साक्षी ठेवलें आहे. हें वाचून कोणी भारतीय यझिलीकायास गेला, तर त्याचें मन काय म्हणेल? पर्वतांचे पंख छाटणारा इंद्र त्याच्या परिचयाचा. तेव्हां पर्वतदेवांच्या मानेवर उभा असलेला हा मेघगर्जनेचा देव त्याला इंद्रच वाटेल.

परंतु येथें डोळ्यांपेक्षां अक्षरांना अधिक मान दिला पाहिजे. अनेक मूर्तींच्या हाताजवळ चित्रलिपींत नांव कोरलेलें आहे. १९५२ सालीं एमिल लारोश यानें हीं नांवें हुरियन भाषेंतील असल्याचें सिद्ध केलें. मुख्य देव तो तेशुब, व त्याची पत्नी हेपात. त्या नामावळींत इंद्र नाहीं, वरुणहि नाहीं.

हिटाइटांच्या राजधानीशीं हुरियन देव कसे आले? तिसऱ्या हत्तुशिलीची राणी पुदुहेपा ही हुरियन संस्कार असलेल्या किझ्झुवात्ना प्रांतांतील पुरोहिताची कन्या होती. हिटाइटांची सूर्यदेवी आणि देवदार वृक्षांच्या देशांतील हेपात या एकच होत, असें तिच्या एका प्रार्थनेंत म्हटलें आहे. तिचा पुत्र चौथा तुधालिया याच्या काळीं, म्हणजे इ. स. पूर्व १३ व्या शतकाच्या उत्तरार्धांत, येथील बहुतेक शिल्पें खोदलीं गेलीं. लहान दालनांत हेपातचा पुत्र शर्रुमा हा देव तुधालियाच्या गळ्यांत हात टाकून त्याला जवळ घेत आहे.

पुढें लवकरच, इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास, हत्तुशा ओस पडली. देव खडकावर राहिले. त्यांना नांवानें हांक मारणारे मात्र उरले नाहींत. जो आला त्यानें आपल्याच कथेंतील नांवें त्यांना दिलीं. परक्या देवाला आपलें नांव देणें सोपें असतें. त्याचें स्वतःचें नांव शिकून घेण्यास श्रम पडतात. ते श्रम घेतले गेले, म्हणूनच तीन हजार वर्षांनंतर तेशुब पुन्हां तेशुब झाला.