अखंड कोंबडी आणि एकटा प्रवासी

कोरियन भाषेंत घरच्या माणसांस 'शिक्गू' म्हणतात. ज्या दोन चिनी अक्षरांपासून हा शब्द बनला, त्यांचा शब्दशः अर्थ 'खाणारीं तोंडें' असा होतो. एका चुलीवर शिजलेलें जे खातात ते कुटुंबीय, असा ह्या शब्दाचा रोख आहे. अशा देशांत एकट्यानें जेवावयास बसणें हें फार काळपर्यंत दैन्याचें लक्षण मानलें जावें, यांत नवल नाहीं. आणि त्याच देशांत प्रवाशास आज पावलोपावलीं जो पदार्थ भेटतो, ती तळलेली कोंबडी, मुळांत एकट्या माणसाकरितां निर्माण झालेलीच नाहीं.

पूर्वीं कोरियांत कोंबडी तळीत नसत, पाण्यांत शिजवीत. उन्हाळ्यांत शक्ति यावी म्हणून जिनसेंगची मुळी व तांदूळ पोटांत भरून केलेलें तिचें 'सामग्येतांग' हें सूप आजही आवडीनें खाल्लें जातें. जावई घरीं आला म्हणजे सासूनें अंड्यांसाठीं राखलेली कोंबडीसुद्धां कापावी, असा तिकडे संकेत आहे. जावयाचे लाड हा कांहीं महाराष्ट्राचाच मक्ता नव्हे! सांगावयाचें तें हें कीं, कोंबडी ही रोजची वस्तु नव्हती, आणि तेल तर त्याहूनही दुर्मिळ होतें.

१९५० ते १९५३ च्या युद्धानें देश उद्ध्वस्त झाला. त्यानंतर सोल शहराच्या म्योंगदोंग भागांत १९६० सालीं एक भोजनगृह निघालें व तेथें विजेच्या भट्टींत अखंड कोंबडी फिरवून भाजली जाऊं लागली. १९७१ सालीं सोयाबीनचें तेल कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडूं लागलें, तेव्हां बाजारपेठांतील दुकानदारांनीं कढया चढविल्या. ह्या अखंड तळलेल्या कोंबडीस 'तोंगदाक' म्हणतात. पगाराच्या दिवशीं बाप घरीं येतांना पिवळट कागदी पिशवींत ती घेऊन येई, आणि मुलें त्या तेलकट पिशवीची वाट पाहात दारांत बसत. त्या पिढीचीं माणसें आज वृद्ध झालीं आहेत, पण त्यांच्याजवळ हा विषय काढला असतां ही पिशवी आल्यावांचून राहात नाहीं.

१९७७ सालीं म्योंगदोंगमधीलच एका मोठ्या दुकानाच्या तळघरांत 'लिम्स चिकन' ह्या संस्थेनें तुकडे करून तळलेली कोंबडी विकण्यास आरंभ केला. पुढें १९८० च्या सुमारास देगू शहरीं युन जोंग-ग्ये ह्या दुकानदारानें तिला तिखटगोड लेप दिला. थंड झालेली कोंबडी कोरडी पडून टाळूला बोंचते, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. त्यांतून हा प्रयोग निघाला असें ते स्वतः सांगत. लाल मिरची, लसूण व पिष्टापासून केलेला पाक यांचा हा लेप 'यांगन्योम' नांवानें देशभर गेला. कोंबडीचे तुकडे झाले खरे. परंतु विक्री मात्र 'हानमारी', म्हणजे एक अख्खी कोंबडी, ह्याच मापानें चालू राहिली. सुरी मांसावर चालली, रिवाजावर चालली नाहीं.

१९९७ च्या आर्थिक अरिष्टानें ह्या पदार्थास दुसरेंच वळण दिलें. १९९७ सालीं बेकारी शेंकडा २.६ होती, ती दुसऱ्या वर्षीं ७ झाली. ऐन चाळिशी-पन्नाशींत नोकरी गेलेल्या कारकुनांनीं व इंजिनियरांनीं निवृत्तीची रक्कम घातली ती कोंबडीच्या दुकानांत. कारण भांडवल थोडें लागे व विद्या लवकर येई. कोणतीही पदवी घ्या, शेवट कढईपाशींच, असा विनोद तिकडे तरुण मंडळी करतात. त्यांतील हंसूं फारसें खरें नव्हे. २००२ च्या फुटबॉलच्या विश्वस्पर्धेंत रात्ररात्र जागणाऱ्या देशानें कोंबडी व बीअर हें जोडपें कायमचें जमविलें. २०१९ च्या आरंभीं एका बँकसमूहानें केलेल्या पाहणींत अशीं सुमारें ८७ हजार दुकानें आढळलीं. त्याआधींच्या वर्षीं ६,२०० नवीं उघडलीं आणि ८,४०० बंद झालीं. हे आंकडे मला कोणत्याही पाककृतीपेक्षां अधिक बोलके वाटतात.

अशा एका दुकानांत मी सायंकाळीं शिरलों, तेव्हां मालकीणबाईंनीं माझ्या पाठीमागें आणखी कोण येतें तें पाहिलें, व कोणी नाहीं असें दिसतांच एक बोट वर केलें. मीं मान हलविली. थोड्या वेळानें परात आली, ती चौघांना पुरेल एवढी! अर्धी साधी, अर्धी लेपाची. ह्या तडजोडीस 'बान्बान' म्हणतात. दोनदां तळल्यामुळें वरचें कवच पातळ आणि काचेसारखें कडक. सोबत मुळ्याच्या पांढऱ्या, आंबटगोड फोडी. त्या फोडींनीं जिभेवरचें तेल धुऊन निघतें, म्हणून हात थांबत नाहीं. शेजारच्या मेजावरील तरुण मंडळींनीं माझ्याकडे एकदां पाहिलें, आणि मग मुळींच पाहिलें नाहीं.

हें न पाहणें नवें आहे. २००० सालीं दक्षिण कोरियांत एकट्यानें राहणाऱ्यांचीं घरें शेंकडा १५.५ होतीं, २०२२ सालीं तीं ३४.५ झालीं. एकट्यानें जेवण्यास 'होनबाप' असा स्वतंत्र शब्दही रूढ झाला; तो तरुणांनीं थोड्याशा ऐटीनेंच रूढ केला. मांस मेजावर भाजून देणारीं पुष्कळ भोजनगृहें अजून दोघांहून कमी माणसांची मागणी घेत नाहींत. कोंबडीवाल्यांना मात्र इतका ताठा परवडत नाहीं. कोठें अर्धी कोंबडी मिळूं लागली आहे, तर चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांतून एकेक तंगडीही मिळते.

माझी अर्ध्याहून अधिक उरली. बाईंनीं न विचारतांच ती कागदाच्या पेटींत भरली, मुळ्याच्या फोडींची एक नवी डबी वर ठेवली, आणि पेटी माझ्या हातीं देऊन त्या पुन्हां कढईकडे वळल्या. दुकानांत दुसरें माणूस नव्हतें.