गृह-सर्व्हरची प्रचालन प्रणाली
घरातील फायली, छायाचित्रे वा संकेतस्थळ स्वतःच्याच संगणकावर ठेवून ती जाळ्याद्वारे उपलब्ध करण्यासाठी लागणारी मूलभूत आज्ञावली. या कामी जुना लॅपटॉप पुरेसा ठरतो.

हिचे मूळ मुक्त आज्ञावलींच्या चळवळीत आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, तर इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियनचा प्रारंभ केला. डेबियनच्या आधारे उबुंटू (२००४) आणि सी-डॅकची मराठीसह भारतीय भाषांना अनुकूल अशी बॉस (२००७) या प्रणाली घडल्या. २०१२ मध्ये सुरू झालेली युनोहोस्ट ही डेबियनाधारित प्रणाली खास सर्व्हरसाठी असून तिचे व्यवस्थापन ब्राउझरमधून होते. त्यामुळे ती नवशिक्यास सोयीची आहे.

निवड करताना प्रथम प्रक्रियक ३२ बिटी की ६४ बिटी हे पाहावे लागते. उबुंटूने २०१९ मध्ये व डेबियनने २०२५ मध्ये ३२ बिटी संगणकांवरील नवी स्थापना बंद केली. सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय होऊन वीजपुरवठा खंडित झाला. अशा वेळी लॅपटॉपची बॅटरी सर्व्हरला व्यवस्थित बंद होण्यापुरता अवधी देते. मात्र फुगलेली बॅटरी धोकादायक असते. पुरात यंत्रच गेले, तर प्रणाली पुन्हा बसविता येते, माहिती नव्हे. म्हणून तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक ठरते.