जुन्या मोटारीची बखर

इतिहास म्हटला कीं आपल्यापुढें किल्ले, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. परंतु मनुष्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक वस्तूला कांहीं ना कांहीं इतिहास असतोच. आणि यंत्राचा इतिहास तर त्याच्या अंगावरच उमटलेला असतो, वाचणारा मात्र भेटावा लागतो. आज मी अशाच एका यंत्राविषयीं बोलणार आहें. टर्बो बसविलेली, वीस-पंचवीस वर्षांची जुनी मोटार विकत घेण्याचा मोह अलीकडे पुष्कळ मध्यम स्थितीच्या घरांतून दिसतो. ऐन तारुण्यांत जी गाडी दुसऱ्याच्या दारांत उभी असलेली पाहिली, ती आतां आपल्या आंवाक्यांत आलेली असते. निवृत्तीच्या वेळीं थोडी रक्कम हातीं पडते आणि मन म्हणतें, आतां नाहीं तर केव्हां? अशा वेळीं गाडीचा रंग पाहूं नये, तिची बखर वाचावी, एवढेंच मला सांगावयाचें आहे. ती वाचतां येण्यासाठीं मूळ यंत्राची हकीकत थोडी मागून सांगितली पाहिजे.

एंजिनांत जळणाच्या तेलापासून जी उष्णता निर्माण होते, तिचा सुमारें तिसरा हिस्सा धुराबरोबर फुकट जातो. ही उधळपट्टी ॲल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरास खटकली. १९०५ सालीं त्यानें आपल्या कल्पनेचें पेटंट घेतलें. कल्पना ऐकावयास सोपी आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे बसवावयाचे. एक पंखा धुराच्या वाटेंत ठेवावयाचा. धुराच्या जोरानें तो फिरूं लागला कीं दुसऱ्या टोकाचा पंखाही फिरतो, आणि तो बाहेरची हवा दाबून एंजिनांत कोंबतो. हवा अधिक गेली म्हणजे तेलही अधिक जाळतां येतें, आणि त्याच आकाराचें एंजिन अधिक ओझें ओढूं लागतें. आपला शेतकरी बैलाचें शेण ज्या शेतांत टाकतो, त्याच शेतांतली वैरण पुढें बैलास मिळते. त्यांतलाच हा प्रकार.

परंतु कल्पना आणि कारखाना यांच्यामध्यें वीस वर्षें गेलीं. त्या उष्णतेंत टिकणारी धातू आणि त्या वेगांत तगणारीं बेअरिंगें तेव्हां नव्हतीं. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या शिखरावर विमानाचें एंजिन नेऊन असा प्रयोग केला. विरळ हवेंत मंदावणाऱ्या एंजिनाला त्यामुळें पुन्हा जोर आला. १९२६ च्या सुमारास दोन जर्मन जहाजांवर ब्यूखीची योजना प्रत्यक्ष आली, आणि १,७५० अश्वशक्तीचें एंजिन २,५०० अश्वशक्ति देऊं लागलें.

साध्या मोटारीला हें भाग्य १९६२ सालीं लाभलें. त्या वर्षीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन टर्बो मोटारी बाजारांत आल्या. जेटफायरची कथा आजच्या गिऱ्हाइकानें मुद्दाम लक्षांत ठेवावी. तिच्या एंजिनाला तडाखा बसूं नये म्हणून शुद्ध पाणी आणि मेथॅनॉल यांचें मिश्रण एका टाकीत भरून ठेवावें लागे. पुष्कळ मालकांनीं ती टाकी पुन्हा भरण्याची तसदीच घेतली नाहीं. गाड्या बिघडूं लागल्या, आणि शेवटीं कंपनीनें टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर फुकट बसवून देण्याची तयारी दाखविली. यंत्र हुशार होतें, पण मालकाला त्याची संवय नव्हती. पुढें १९७३ च्या तेलटंचाईनंतर थोड्या तेलांत अधिक काम करून घेण्याची गरज सर्वांनाच पटली, आणि टर्बो पुन्हा मानानें परत आला.

आमच्या रावेरकरांनीं टर्बोचा आवाज मात्र मोटारींच्या पुष्कळ आधीं ऐकला होता, तो आगगाडीच्या रुळांवर. भुसावळ-खंडवा मार्गावर विजेच्या तारा येण्यापूर्वीं डिझेलचीं एंजिनें धांवत. डब्ल्यूडीएम-२ या जातीचीं एंजिनें १९६२ पासून अमेरिकेहून येऊं लागलीं आणि १९६४ पासून वाराणशीस बनूं लागलीं. त्यांची शक्ति २,६०० अश्वशक्ति, आणि ती टर्बोमुळेंच. गाडी स्टेशनांतून निघतांना काळ्या धुराचा लोट उसळे आणि मग हळूहळू एक शिट्टीसारखा बारीक सूर चढत जाई, तो पुष्कळांच्या स्मरणांत असेल. तेल आधीं पोंचलेलें असे, पण पंखा अजून वेगांत आलेला नसे. म्हणून तो काळा धूर. पंख्याने वेग घेतला कीं धूर विरळ होई. जुनी टर्बो मोटार चालविणाऱ्याला पाय दाबल्यावर क्षणभर वाट पाहावी लागते, तिचेंही कारण हेंच.

आतां मोटारीकडे वळूं. आपल्या महाराष्ट्रांत या कथेचें केंद्र पुणें आहे. टेल्को ही कंपनी १९४५ मध्यें आगगाडीचीं एंजिनें बांधण्यासाठीं निघाली. १९५४ पासून जर्मन सहकार्यानें मालमोटारी करूं लागली. आणि सुमंत मुळगांवकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें पिंपरीस मोठा कारखाना उभारला. १९९४ च्या टाटा सुमोला मिळालेलें नांव त्यांच्याच नांवाच्या आणि आडनांवाच्या आद्याक्षरांवरून आलें. त्यापूर्वीं १९९१ सालीं याच कंपनीची सिएरा रस्त्यावर आली होती. तीन दारें, आणि मागच्या बाजूस छतापर्यंत वळत गेलेली मोठी कांच; अशी गाडी लोकांनीं पूर्वीं पाहिलीच नव्हती. तिचें एंजिन १,९४८ घनसेंटिमीटरचें डिझेल होतें. परंतु अंगाच्या मानानें शक्ति तोकडी पडे. १९९७ च्या सुमारास त्याच एंजिनास टर्बो जोडण्यांत आला, १९९८ मध्यें टर्बोसह सफारी आली, आणि २००२ मध्यें नाशिकच्या कारखान्यांतून महिंद्रांची स्कॉर्पिओ निघाली. टर्बो हा शब्द खानदेशांत घरोघर झाला तो या गाड्यांमुळें. सिएरा पुढें बंद पडली. २०२५ मध्यें त्याच नांवाची अगदीं नवी मोटार आली, आणि जुनीची आठवण पुन्हा चाळवली.

येथें एक तुलना करण्याजोगी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली पद्मिनी पहा. तिचें उत्पादन या शतकाच्या आरंभीं थांबलें, तरी मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्यें. इतकें दीर्घायुष्य तिला लाभलें, कारण तिची रचना साधी होती आणि गल्लीगल्लींत तिचा मिस्त्री होता. टर्बो मोटार इतकी सोशीक नाहीं. तिच्या पंख्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. एका टोकाला शेंकडों अंशांचा तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. आणि दोहोंच्या मध्यें त्या दांड्याला आधार कोणाचा, तर ऑइलच्या एका पातळ थराचा. तो थर तुटला कीं सारें संपलें. म्हणून ऑइल वेळेवर बदललें कीं नाहीं, हा या गाडीच्या बखरींतला पहिला आणि मुख्य अध्याय होय.

मग ही बखर वाचावी कशी? बैलबाजारांत जाणता शेतकरी झुलीकडे पाहत नाहीं. तो दांत पाहतो, खांदा चाचपतो आणि चार पावलें चालवून बघतो. मोटारीचेंही तसेंच. प्रथम कागद. आर. सी. बुकावरील एंजिन-क्रमांक आणि चासी-क्रमांक गाडीवर आपल्या डोळ्यांनीं ताडून पाहावे. कर्जाची नोंद असेल तर ती उतरलेली असावी. रावेरच्या मनुष्यास बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर. तिकडे गाडी स्वस्त मिळाली असें वाटतें. परंतु मध्यप्रदेशची गाडी येथें कायमची ठेवावयाची तर तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणावा लागतो, बारा महिन्यांच्या आंत येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि करही येथें भरावा लागतो. हा खर्च मिळवला म्हणजे स्वस्ताई पुष्कळदां विरघळून जाते.

खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यापुढें दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. पूर्वीं यास ६०० रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, आणि २०२५ च्या अधिसूचनेनें वीस वर्षांवरील मोटारीसाठीं १०,००० झाले. पर्यावरण कर निराळा. कोणी म्हणेल, जुन्या दुर्मिळ मोटारींना सरकार सवलत देतें ना? २०२१ च्या नियमाप्रमाणें ती मान्यता मिळण्यास मोटार पन्नास वर्षांहून जुनी असावी लागते. आपली सिएरा किंवा सफारी म्हातारी झाली खरी, पण वडिलधाऱ्यांच्या पंक्तींत अजून बसलेली नाहीं.

कागदांनंतर धूर. गाडी रात्रभर थंड राहिलेली असतांना सकाळीं जावें; विकणाऱ्यानें आधींच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशीं यावें. सुरू होतांना निळा धूर दिसला तर एंजिन ऑइल जाळीत आहे. दोष टर्बोचा असेल किंवा पिस्टनच्या रिंगांचा. पांढरा धूर तापल्यावरही थांबेना, तर हेडच्या गॅस्केटचा संशय घ्यावा. काळा धूर क्षणभर आला तर चिंता नको. सतत आला तर हवा कमी पडते आहे किंवा पंप-नोझलचें काम निघालें आहे. मग हवेचा मोठा पाइप काढवून पंख्याचा दांडा बोटानें हलवून पाहावा. किंचित् खेळ असतो. पातीं भिंतीला घासतात असें दिसलें, तर टर्बोची किंमत सौद्यांतून वजा करावी किंवा सरळ घरीं परत यावें. आमच्या खानदेशांतल्या उन्हाळ्यांत रबराचे पाइप लौकर तडकतात आणि रेडिएटरची कसोटी लागते. केळीच्या मळ्यांच्या कच्च्या वाटांवरची धूळ हवेची जाळी तुंबवते. या गोष्टी स्वस्त आहेत, पण त्यांच्याकडे झालेलें दुर्लक्षच पुढें महाग पडतें.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. एंजिनाचे बहुतेक भाग मिळतात, कारण त्याच घराण्यांतलीं एंजिनें मालवाहू गाड्यांतूनही पुष्कळ वर्षें चाललीं. अडतें तें अंगाच्या भागांवर. सिएराची ती मागची वळलेली कांच फुटली, तर शहरोशहरींचे भंगारबाजार धुंडाळावे लागतात. म्हणून एंजिन थोडें थकलेलें परंतु अंग शाबूत असलेली गाडी, चकचकीत रंगाखालीं गंज लपविलेल्या गाडीहून बरी. एंजिनाचें काम मिस्त्री करून देतो. गंजलेला सांगाडा कोणी तरुण करून देत नाहीं.

आतां पैशाविषयीं स्पष्ट बोलतों. जेवढी रक्कम मनांत धरली असेल, तिचे तीन वांटे करावे. दोन वांट्यांत गाडी घ्यावी आणि तिसरा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवावा. सर्व पैसा खरेदींत घालणारा मनुष्य पहिल्याच बिघाडाला हात टेकतो, आणि मग गाडी अंगणांत कोंबड्यांची खुराडी होऊन बसते. तसेंच, घरांतली ती एकमेव गाडी असूं नये. मध्यरात्रीं आजाऱ्यास जळगांवला न्यावयाचें असतां जुन्या यंत्राच्या लहरीवर अवलंबून राहणें शहाणपणाचें नाहीं. हौस हौशीच्या जागीं शोभते.

गाडी घेतल्यावर नियम तीनच. ऑइल ठरल्या अंतराच्या आधीं बदलावें. सुरू केल्याबरोबर जोरानें पळवूं नये. आणि लांबच्या प्रवासाहून किंवा घाट चढून आल्यावर एंजिन लगेच बंद न करतां एक-दोन मिनिटें तसेंच चालूं द्यावें. एकदम बंद केलें तर ऑइलचा प्रवाह थांबतो, पण तापलेला दांडा फिरतच असतो. उरलेलें ऑइल करपून त्याचा कोळसा होतो आणि वाट तुंबते. दोन मिनिटांच्या सबुरीनें हजारों रुपये वांचतात, असा सौदा दुसरा नाहीं.

शेवटची गोष्ट मिस्त्रीची. एंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे जे मिस्त्री तालुक्याच्या गांवीं आहेत, ते आतां वयस्क होत चालले आहेत. त्यांची विद्या कागदावर उतरलेली नाहीं. नवीन गाड्यांचा दोष संगणक सांगतो, त्यामुळें ही विद्या शिकण्यास नवा शागीर्द येत नाहीं. जुनी टर्बो मोटार टिकेल तर या हातांच्या आधारावर टिकेल, आणि हे हात थांबले कीं ती भंगारांत जाईल. मग पैसा असूनही उपयोग नाहीं. म्हणून गाडी शोधण्याच्या आधीं मिस्त्री शोधावा, गाडी पाहावयास त्यालाच बरोबर न्यावें, आणि त्याची मजुरी देतांना घासाघीस करूं नये.

आणि गाडी घरीं आली कीं पुढच्या कप्प्यांत एक साधी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, ऑइल केव्हां बदललें, कोणता भाग घातला, किती पैसे पडले, हें सारें त्यांत लिहीत जावें. आपण ती मोटार विकूं किंवा मुलाच्या हातीं देऊं तेव्हां पुढच्या मालकाला धुरावरून आणि आवाजावरून तर्क करीत बसावें लागणार नाहीं. मागच्या मालकानें अशी वही ठेवली असेल, तर ती गाडी दोन पैसे अधिक देऊनही घ्यावी.