छंद, धंदा आणि सोडून देण्याची रीत

लहान नियतकालिके आणि घरगुती प्रकाशनसंस्था यांच्या आपल्या वाङ्मयेतिहासातील नोंदी पुष्कळदा मृत्युलेखासारख्या असतात. अमुक साली सुरू झाले, इतके अंक निघाले, बंद पडले. ‘अल्पायुषी’ हे त्यांचे ठरलेले विशेषण. बंद पडणे आणि बंद करणे यांतला भेद या नोंदींत क्वचितच सांभाळला जातो. आमच्या नांदेड-लातूरकडे अध्यापन करता करता, केवळ आवडीपोटी चार-दोन पुस्तके काढणारी माणसे नवी नाहीत. त्यांच्यापैकी कोणी हात आखडता घेतला, की ‘पैसे बुडाले असणार’ एवढ्यावर आपण विषय मिटवतो. हा निष्कर्ष तपासून पाहावा असे आम्हाला वाटते.

‘छंद’ या शब्दाचा एक अर्थ वृत्त, दुसरा अर्थ मनाची ओढ. दोन्हींना स्वतःची लय असते. धंद्याची लय मात्र बाहेरून येते. ग्रंथालयांच्या खरेदीचा हंगाम, विक्रेत्याकडे अडकलेली उधारी, छापखान्याचे बिल, ‘पुस्तक कधी येणार?’ हा लेखकाचा प्रश्न. पुस्तके आवडतात म्हणून प्रकाशनात आलेला माणूस काही वर्षांनी पुस्तके मोजत असतो आणि वाचायचे राहून जाते.

या अनुभवाचा सर्वांत नीट नोंदलेला इतिहास परदेशातला आहे. 1917 मध्ये लेनर्ड आणि व्हर्जिनिया वूल्फ यांनी सुमारे 19 पौंडांत एक लहान हातछपाई यंत्र विकत घेऊन लंडनजवळच्या रिचमंड येथील ‘हॉगर्थ हाऊस’ या आपल्या घरी, जेवणाच्या खोलीत, मांडले. लेखनाच्या ताणातून व्हर्जिनियाच्या मनाला उसंत मिळावी, हा लेनर्ड यांचा एक हेतू होता. दोघांची एकेक कथा असलेल्या पहिल्या पुस्तिकेच्या जेमतेम 150 प्रती निघाल्या. खिळे जुळवणे, छापणे, शिवणे, सारे घरचेच. 1919 मध्ये ‘क्यू गार्डन्स’ या कथेवर ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये अनुकूल अभिप्राय आला आणि मागणीपत्रांचा ढीग लागला. दुसरी आवृत्ती बाहेरच्या मुद्रकाकडून छापून घ्यावी लागली. छंदाचा धंदा झाला तो या टप्प्यावर, आणि तो अपयशाने नव्हे, यशाने झाला.

पुढचा लाभ लहान नव्हता. 1922 च्या ‘जेकब्ज रूम’पासून व्हर्जिनियाच्या कादंबऱ्या स्वतःच्याच प्रकाशनसंस्थेतून निघू लागल्या आणि दुसऱ्या संपादकाची मर्जी राखण्याची गरज उरली नाही. एलियटची ‘द वेस्ट लँड’ 1923 मध्ये हॉगर्थने काढली, तिचे खिळे तिने स्वतः जुळवले. परंतु त्याचबरोबर इतरांच्या हस्तलिखितांचे ढीग, नोकरवर्गाच्या कुरबुरी, पुस्तकांचे नमुने घेऊन दुकानोदुकानी करावे लागणारे दौरे हेही वाट्याला आले. 1930 च्या दशकात संस्था नफ्यात होती. तरीही 1938 मध्ये व्हर्जिनियाने आपला अर्धा वाटा जॉन लेमन यांना विकला. ‘पैसे बुडाले’ हे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही.

वाटा विकल्यावर ती पुन्हा खिळे जुळवायला बसली नाही. ती वळली ती स्वतःच्या वाचनाकडे आणि लेखनाकडे, म्हणजे छंदाच्याही मुळाशी असलेल्या आवडीकडे. तो काळ तिला फार लाभला नाही. मार्च 1941 मध्ये तिचा अंत झाला. लेनर्ड मात्र संस्थेत राहिले, आणि 1946 मध्ये लेमन बाहेर पडल्यावर त्यांनी ती ‘चॅटो अँड विंडस’शी जोडली. त्यामुळे लेखक उघड्यावर पडले नाहीत.

मराठीत याच्या जवळचे उदाहरण अरुण कोलटकरांचे. अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल यांच्यासह त्यांनी 1976 मध्ये मुंबईत ‘क्लिअरिंग हाऊस’ ही कवींची प्रकाशनसंस्था उभी केली. ‘जेजुरी’ तिचेच पुस्तक. 1980 च्या दशकाच्या मध्यास हे काम थांबले. कोलटकर लिहीत राहिले, पण छापण्याची घाई त्यांनी केली नाही. 2003-04 मध्ये ‘भिजकी वही’ आणि ‘काळा घोडा पोएम्स’ आले, तेही अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’कडून. आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, भालचंद्र नेमाडे, चंद्रकांत पाटील प्रभृतींनी चालवलेले ‘वाचा’ थांबले. पाटलांची कविता आणि हिंदी-मराठी अनुवाद थांबले नाहीत. ‘अनियतकालिक’ या शब्दातच नियमित निघण्याच्या सक्तीला नकार आहे. असे नियतकालिक थांबले म्हणजे मेले, असे म्हणणे त्याच्या नावाशीही विसंगत ठरते.

यातून सोडून देण्याचे सरसकट समर्थन होत नाही. लेनर्ड वूल्फ किंवा अशोक शहाणे यांच्यासारखे कोणी मागे राहिले, म्हणून या मोकळेपणाची किंमत इतरांना मोजावी लागली नाही. नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी असा वारस सहजी मिळत नाही. पहिलेच पुस्तक ज्याने विश्वासाने सोपवले, त्या कवीचे गठ्ठे कोणाच्या तरी माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन होतात. म्हणून ज्याला थांबायचे आहे, त्याने लेखकांचे हक्क त्यांना लेखी परत करावेत, शिल्लक प्रती त्यांच्या हाती द्याव्यात, प्रत्येक पुस्तकाच्या दोन-दोन प्रती महाविद्यालयाच्या आणि गावाच्या ग्रंथालयात पोहोचवाव्यात. एवढे केल्यावर त्याने खुशाल पुस्तक उघडून बसावे. इतिहास लिहिणाऱ्यांनीही मग ‘बंद पडले’ असे न लिहिता ‘थांबवले’ असे लिहावे.