लागलेलें वर्ष आणि सरलेलें वर्ष

अंधेरी-मुलुंडकडील एखाद्या आजीबाईंस नातवाचें वय विचारलें, तर ‘आठवें लागलें’ असें उत्तर आजही मिळतें. शाळेच्या अर्जावर मात्र ‘सात वर्षें पूर्ण’ असें लिहावें लागतें. मूल एक, उत्तरें दोन, आणि दोन्ही खरीं.

कोरियांत परंपरेनें जन्मतांच मुलाचें एक वर्ष धरीत, व नववर्षदिनीं सर्वांचें वय एकदमच एकानें वाढे. वर्षअखेरीस जन्मलेलें अर्भक दुसऱ्याच दिवशीं दोन वर्षांचें होई! जून २०२३ पासून दक्षिण कोरियांत सरकारी व दिवाणी कामांसाठीं पूर्ण वयाचीच गणना कायद्यानें ठरली आहे. आपण मात्र याचें नवल करूं नये. आश्वलायन गृह्यसूत्रांत ब्राह्मणाच्या उपनयनास आठवें वर्ष सांगून गर्भापासून आठव्याचा विकल्प दिला आहे. मुंजीच्या प्रसंगीं कानीं पडणारें ‘गर्भाष्टम’ तें हेंच. तें लागतें तेव्हां बटूच्या जन्मास सुमारें सव्वासहाच वर्षें झालेलीं असतात.

इतिहास वाचतांनाही हा भेद ध्यानीं ठेवावा लागतो. थोरले माधवराव पेशवे फेब्रुवारी १७४५ मध्यें जन्मले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं वारले. सत्तावीस पूर्ण, अठ्ठाविसावें चालू. येथें फरक केवळ आंकड्याचा आहे.

१८९१ सालीं मात्र तो मुलींच्या जिवाचा झाला. मलबारींनीं १८८४ पासून चालविलेल्या चळवळीनंतर संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. सरकारनें धर्मांत हात घालावा कीं नाहीं, यावर टिळक व सुधारक यांच्यांत रणें माजलीं. पण ‘बारावें लागलें’ म्हणून घरानें मोठी ठरविलेली मुलगी कायद्याच्या हिशेबीं अकराच वर्षांची होती, आणि तिच्याशीं शरीरसंबंध करणारा पतीही गुन्हेगार ठरत होता. त्या एका शब्दांत तिच्या बाळपणाचें एक अख्खें वर्ष होतें. जन्मनोंद सार्वत्रिक नसलेल्या काळांत तें सिद्ध करणें कठीणच होतें. पुढें १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहास चौदा वर्षें ठरविलीं, तींही पूर्ण झालेलीं. जन्मनोंदीचा देशभर एकच सक्तीचा कायदा मात्र १९६९ सालीं झाला.

आजीबाईंचें ‘लागलें’ चुकीचें नव्हे; त्यांत वाढत्या नातवाचें कौतुक आहे, आणि तें घरांत खुशाल नांदावें. पण जेथें दुर्बळाच्या रक्षणाचा प्रश्न येतो, तेथें सरलेलींच वर्षें मोजावीं, असें आमचें मत आहे.